हवालदारांनी वाचलंय

ही गोष्ट सांगायची मी चार वर्षं टाळली. टाळायला फारसे कष्ट पडले नाहीत. आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत जहाजाच्या सहलीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतं, "हवालदारांनी वाचलं आणि आपण बुडालो." बाकीचे हसतात. मी तेवढा वेळ चहाचा कप ओठाला लावून बसतो. कप ओठाला लावला की माणसाला बोलावं लागत नाही. आता माझं वय एकोणऐंशी आहे आणि ज्यांच्यावर हसतात ते उत्तर द्यायला राहिले नाहीत. तेव्हा जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

त्यांचं नाव आनंदराव कांबळे. पण नावानं त्यांना कोणी हाक मारत नसे, सगळ्यांचे ते हवालदारच. गाव वाईच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. बायको लवकर गेली होती, आणि मुलगी साताऱ्यात दिलेली म्हणून पेन्शनीनंतर तेही साताऱ्यात दोन खोल्या घेऊन राहिले. उंची बेताची, पाठ ताठ. चष्म्याला बुटाचा काळा बंद बांधून तो गळ्यात अडकवलेला. लढाई केली का, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "केली की. कपबश्यांसंगं." फौजेत त्यांनी अधिकाऱ्यांच्या मेसमधला बार सांभाळला होता. बावीस वर्षं रोज दारू ओतली आणि स्वतः एक थेंब घेतला नाही.

त्या मेसनं त्यांना एक सवय लावली होती. तिथं प्रत्येक पेल्याची चिठ्ठी व्हायची आणि साहेबानं वाचून सही केल्याशिवाय पेला पुढं सरकायचा नाही. पाहुण्यानं सही करायची नाही, यजमानानंच करायची. "गलास खोटं बोलतोय नाना," ते मला सांगायचे, "चिठ्ठी न्हाई बोलत. पन वाचाय पायजे." मग ते सगळंच वाचायचे. विजेचं बिल, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, बँकेतल्या अर्जाची मागची बाजू. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, शेवटच्या टिंबापर्यंत. इंग्रजी असलं तर अजून हळू.

एकदा गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन त्यांच्या दारात उभा आणि हे पावती वाचतायत. मी तिथंच होतो.

"हवालदार, तुमचं वाचून हुईस्तवर माझा खांदा निखळंल की."

"मग खाली ठेव रं. डोक्यावर घे म्हनलं का मी? ह्ये बघ, हितं लिवलंय, गिऱ्हाइकानं मागितलं तर वजन करून दावायचं. दाव."

"काटा न्हाई आनला."

"मग जा, घेऊन ये. मी हितंच हाय. पेन्शनवाला मानूस कुटं जातोय?"

तो शिव्या घालत गेला आणि काटा घेऊन आला. पुढं सगळ्या आळीत तो काट्याशिवाय यायचा, फक्त ह्या एका दारात काट्यासह. सणाला मात्र पहिला लाडू हवालदारांकडूनच घेऊन जायचा.

दुसरी सवय चहाची. फिरून झालं की आम्ही पोवई नाक्याजवळच्या एका टपरीवर बसायचो. हवालदार डोकी मोजायचे आणि एक चहा जादा सांगायचे. सात असलो तर आठ. "कोन तरी येतंयच," म्हणायचे, आणि खरंच कोणीतरी यायचं. नाहीच आलं तर रस्ता झाडणारी बाई, रिक्षावाला, कोणालाही हाक मारून तो कप हातात द्यायचे. असं का, ते एकदाच सांगितलं. त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात त्यांच्या वस्तीतल्या लोकांचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. आपणच विसळायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, पिऊन पुन्हा विसळून टांगायचा. "चहा त्योच व्हता नाना. गोडच व्हता. पन भाईर एकट्यानं उभं ऱ्हाऊन प्यायला लागायचा. तवा ठरीवलं, आपल्या चहाला कुनी एकटं ऱ्हायचं न्हाई." एवढं बोलून त्यांनी बशी पुसली आणि आज वारं लय हाय म्हणाले.

त्यांनी माझ्यासाठी काय केलं, ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला अधिकार नाही. माझ्या बायकोचं, मालतीचं, मोठं ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्ही सांगलीकडच्या एका हॉस्पिटलात होतो. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात सांगलीला गेलेली, ओळखीचे डॉक्टर तिकडचेच. मुलगा परदेशात. हवालदार न सांगता सकाळच्या एस.टी.नं आले. नर्सनं संमतीचा कागद पुढं केला, पाच पानांचा, आणि मी न वाचताच पेन उघडून सहीची जागा शोधायला लागलो. हवालदारांनी कागद घेतला, बंद ओढून चष्मा चढवला आणि माझ्या शेजारी बसून एकेक ओळ मराठीत सांगायला लागले.

"हितं लिवलंय, भूल देताना धोका असतोय. थोडाच. पन असतोय. कळलं? मग फुडं जाऊ."

नर्स म्हणाली, "आजोबा, सगळे नुसती सही करतात."

"करत असतील बाई. ह्यांची बायको आत हाय, माझी वैनी हाय. आमी वाचून करनार." आणि मला म्हणाले, "नाना, भिऊन सही करू नगा. समजून करा. मग खुशाल भ्या."

मी समजून सही केली. मग त्यांच्या खांद्याला डोकं लावून भ्यालो. मालती बरी झाली. आज ती आतल्या खोलीत रेडिओ ऐकते आहे, त्यात त्या दिवसाचा वाटा किती ते मला ठाऊक आहे.

बरी झाल्यावर मालतीनं एकच गोष्ट मागितली. समुद्र काठावरून पुष्कळ पाहिला, आता मधे जाऊन पाहायचा आहे. आमच्या मंडळींच्या, घरच्या माणसांसकट, वार्षिक सहली मीच काढायचो, म्हणून त्या वर्षी जहाजाची ठरवली. मुंबईहून निघून चार दिवसांत परत. पुण्याचा एक एजंट होता. तो म्हणाला, तिकिटाबरोबर पेयांचं पॅकेज घ्या, एकदा पैसे भरले की चार दिवस काय हवं ते प्या. एक साधं, सरबत-कॉफीचं. एक मोठं, त्यात सगळं. आणि हळूच म्हणाला, "साहेब, वीस माणसं पॅकेज घेणार असतील, तर तुमचं दोघांचं आमच्याकडून."

मी हो म्हणालो. कोणाला सांगितलं नाही. एवढी वर्षं सहली काढतोय, एकदा मिळालं तर काय बिघडलं, असं स्वतःला म्हणालो.

त्यानं नियमांचा कागद दिला. बारीक इंग्रजीतली सहा पानं. हवालदारांनी टपरीवरच हात पुढं केला. "द्या हिकडं, वाचून ठेवतो." पण शेवटच्या पानावर माझ्या आणि मालतीच्या नावापुढं 'मोफत' असं छापलेलं होतं. मी म्हणालो, "अहो, एजंट ओळखीचा आहे. वाचायचं काय त्यात?" त्यांनी हात मागं घेतला. आयुष्यात त्यांना कागद नाकारणारा मी पहिलाच असेन.

दोन दिवसांनी पैसे गोळा करायला बसलो. हवालदार त्या दिवशी हयातीचा दाखला द्यायला गेले होते. आमच्यातले अण्णा, मूळचे इस्लामपूरकडचे, घरचा ऊस आणि आवाज त्याहून उंच, त्यांनी विचारलं, "ह्ये समदं आत आलं न्हवं? नंतर भानगड नगं."

मी म्हणालो, "हवालदारांनी वाचलंय सगळं."

एवढंच वाक्य. त्यावर कोणी दुसरा प्रश्न केला नाही. हवालदारांनी वाचलंय म्हटल्यावर प्रश्न उरतच नव्हता. सगळ्यांनी सह्या केल्या.

जहाजावर हवालदारांना पहिले दोन दिवस उभं राहता येईना. समुद्र लागला. अण्णा त्यांच्याच खोलीत होते. ते वर येऊन सांगायचे, "फौज आडवी झालीया." इकडं आमची मंडळी वरच्या मजल्यावर खुर्च्यांचा गोल करून बसलेली. आणि मग आपल्याकडं जे होतं तेच झालं. एकट्यानं ग्लास तोंडाला कसा लावायचा? पहिल्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, आज माझ्याकडनं. वेटरला बोटानं गोल दाखवला आणि हवालदारांची आठवण म्हणून वर एक जादा. दुपारी दुसऱ्याकडून कॉफी, रात्री तिसऱ्याकडून शहाळ्याचं पाणी. दर वेळी ट्रे यायचा, चिठ्ठी यायची, ज्याच्याकडून असेल तो आपलं पॅकेजचं कार्ड देऊन झोकात सही करायचा, कधी गडबडीत दुसराच कोणी. चिठ्ठीवर जहाजाचं सुरेख चित्र होतं. नातवंडांना दाखवायला म्हणून अण्णा त्या जपून खोलीच्या खणात ठेवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी हवालदारांना बरं वाटलं. उठून बसले, खण उघडला आणि वाचायला लागले. अर्ध्या तासानं माझ्या खोलीच्या दारात उभे.

"नाना, त्यो कागद आनलाय का?"

मालती झोपली होती. मी बॅगेतून कागद काढला. ते खिडकीपाशी बसले, चष्मा चढवला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मधेमधे हलक्या आवाजात मला सांगत होते, हॉस्पिटलात सांगितलं तसंच.

"हितं लिवलंय, कार्ड ज्याचं त्यालाच. एका टायमाला एकच गलास. बाकीचे गलास फुल रेटनं. कळलं? ... आनि फुकट गलास असला तरी वाढनावळ येगळी. परत्येक गलासाला ... शहाळं न्हाई आत. बाटलीतलं पानी न्हाई. मशीनची कॉफी आत, बारची कॉफी साध्या पाकिटात न्हाई..." मग थांबले आणि त्यांना हसू आलं. "ह्ये बघा. एका खोलीतल्या एकानं मोठं घेतलं तर दुसऱ्यालाबी मोठंच घ्याय लागतंय. अण्णानं मोठं घेतलंय. म्हंजी माझ्या नावावर चार दिसाची दारू हाय नाना. बावीस वर्सं बार सांभाळला, आनि म्हातारपनी बिल आलं."

मीही हसायचा प्रयत्न केला. तोवर त्यांचं बोट शेवटच्या पानावर आलं होतं. ते आमच्या दोघांच्या नावाखाली थांबलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "हळू. वैनी झोपल्यात."

कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली. "आत ठेवा. ह्यो कुनाला दावू नगा."

चौथ्या दिवशी सकाळी उतरायच्या आधी सगळ्यांच्या दाराखालून बिलं आली. काउंटरपाशी आमचीच गर्दी. मालतीही आली होती, माझा हात धरून उभी. अण्णांचा आवाज साऱ्या मजल्यावर घुमत होता. काउंटरवरच्या मुलीला म्हणत होते, "आवं बाई, ह्यो सर्विस चार्ज म्हंजी काय? सर्विस केलीसा म्हनून दंड?" ती दूरच्या डोंगराळ मुलखातली दिसत होती, इंग्रजीतून पुन्हा पुन्हा तेच सांगत होती.

हवालदार पुढं झाले. "अण्णा, तिच्यावर वरडू नगा. ती वाढपी हाय. मीबी वाढपीच व्हतो. नेम ती करत न्हाई." आणि तिच्याशी फौजी हिंदीत बोलायला लागले. चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. ज्या चिठ्ठ्यांवर कार्डवाल्याची सोडून भलत्याचीच सही होती, त्या त्यांनी बाजूला काढल्या. तिनं आत जाऊन विचारलं आणि तेवढ्या रद्द केल्या. दोन-तीन ट्रे वाचले. हे नंतर कोणाच्याही लक्षात राहिलं नाही.

बाकीचं तसंच राहिलं. अण्णा माझ्याकडं वळले. "नाना, तुमी म्हनला व्हता की समदं आत हाय."

मी खाली बिलाकडं बघितलं. मालतीनं माझ्याकडं पाहिलं.

मग अण्णांनाच आठवलं. "न्हाई, तुमी म्हनला व्हता, हवालदारांनी वाचलंय. काय हो हवालदार? वाचलं व्हतं न्हवं?"

ते वाक्य मी त्यांच्या नावावर खपवलं होतं, हे हवालदारांना त्या क्षणाला कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. हॉस्पिटलात मी न वाचता सही करायला निघालो तेव्हा बघितलं होतं, तसंच. नंतर मालतीकडं बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "वाचलं व्हतं. नजरंतनं सुटलं. वय झालं गड्या."

"आवं मग सवताचं तरी वाचायचं," अण्णा म्हणाले. "थेंब न घेता तुमाला दारू चढवली की जहाजानं." सगळे हसले. राग हसण्यात विरला. मंडळी बॅगा घ्यायला पांगली. मी तसाच उभा होतो.

पैसे सगळ्यांनी भरले. त्यापायी कोणाच्या घरची चूल बंद पडली नाही. गेलं ते वेगळंच होतं. पूर्वी कोणताही कागद आला की लोक तो हवालदारांकडं न्यायचे. पेन्शनीचा फॉर्म, घराचा करार, नातीच्या प्रवेशाचा अर्ज. आता टपरीवर चहाचे पैसे द्यायची वेळ आली तरी कोणीतरी म्हणायचं, "हवालदार, वाचून बघा बरं, सर्विस चार्ज लावलाय का?" त्यात दुष्टावा नव्हता. मंडळी वाईट नव्हती, आपल्यातल्याची चेष्टा करायची तशी करत होती. हवालदारही हसायचे. पण कागद यायचे थांबले. मालती माझ्याकडं बघायची, मी कपाकडं बघायचो. ज्या माणसाच्या जवळ वाचणं एवढी एकच मिळकत होती, ती त्यानं माझ्या बायकोसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून देऊन टाकली होती. आणि मी ती घेतली होती. शेवटच्या पानावरच्या त्या 'मोफत'सारखीच.

पुढच्या वर्षी त्यांनी साताऱ्यातल्या खोल्या सोडल्या आणि गावी गेले. मुलीला सांगितलं, नदीकाठी बरं वाटतं. आमच्या टपरीवर आता डोकी मोजून चहा येतो.

मागल्या श्रावणात त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले. माझ्याबद्दल काही बोलले होते का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुमचं नाव निघालं की नेहमी म्हणायचे, नानांनी मला समुद्र दाखवला."

त्याच्या आधी तीन महिने, उन्हाळ्यात, मी त्यांच्या गावी जाऊन आलो होतो. घरून निघाल्यापासून वाक्य जुळवत होतो. वाईच्या गाडीत बसून दहा वेळा मनात म्हटलं. त्यांचं घर वस्तीच्या टोकाला, पुढं लिंबाची सावली. मला पाहून त्यांना एवढा आनंद झाला की बाज झाडायलाही विसरले. आत जाऊन चहा ठेवला. आम्ही दोघं होतो, कप तीन आणले.

मी म्हणालो, "हवालदार, त्या जहाजावर—"

"चहा घ्या आदी. निवतोय."

मी घेतला. "मला एक सांगायचंय तुम्हाला."

"वैनी कशा हायती? चालत्यात का सकाळच्या? चालाय लावा. बसवून ठिवू नगा." तेवढ्यात शेजारची म्हातारी काठी टेकत आली. त्यांनी तिला तिसरा कप दिला आणि माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. "बघा. म्हनलं न्हवतं? कोन तरी येतंयच."

ती बसून राहिली. मग परतीच्या गाडीची वेळ झाली. ते फाट्यापर्यंत पोचवायला आले. माझी पिशवी त्यांनीच धरली, मी नको म्हणत असताना. वाटेत तीन वेळा मी घसा साफ केला. तिन्ही वेळा त्यांनी काहीतरी दाखवलं: नवी विहीर, कुणाची हळद, पुलावरचं पाणी. त्यांना कळलं होतं मी कशाला आलोय. मला ते सांगायला लागू नये म्हणूनच ते मला गाव दाखवत होते, असं आता वाटतं.

गाडी आली. मी खिडकीपाशी बसलो. कंडक्टरनं तिकीट दिलं. ते खाली उभे होते, पाठ ताठ, गळ्यात बुटाचा बंद. हात वर करून खिडकीची दांडी धरली आणि म्हणाले, "नाना, तिकीट वाचलं का? कुठलं दिलंय बघा."

माझा चष्मा पिशवीत होता.

"वाचलं," मी म्हणालो.

ते हसले. गाडी हलली. मी त्यांच्याशी बोललेला शेवटचा शब्दही खोटाच निघाला. वाटभर ते तिकीट मुठीत होतं आणि घरापासून जुळवत नेलेलं वाक्य तोंडात. ते तिथं म्हणता आलं नाही, म्हणून इथं लिहितो. मालतीला हे पान आज वाचून दाखवणार आहे, उद्या टपरीवर सगळ्यांना. ज्यांना सांगायचं होतं, ते मात्र फाट्यावरच उभे राहिले.

हवालदार, तुम्ही तो कागद वाचला नव्हता. मी तुम्हाला वाचू दिला नव्हता. मला माफ करा.